अंगठा लागला का?

मी माईक बोलतोय. हसू नका. आजवर माझ्यातून अख्खं राजूर बोललं, मला मात्र कुणी बोलू दिलं नाही. मंडपवाले कादरभाई जेवायला गेलेत, तेवढ्यात माझंही बोलून घेतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कान उघडले ते कादरभाईंच्या दुकानात. हळदी, साखरपुडे, उरूस, ग्रामसभा, सगळीकडे मी जातो. माणसं आधी मला टिचक्या मारतात, मग "दोनच शब्द बोलतो" म्हणून अर्धा तास सोडत नाहीत. राग येतो, पण ऐकायची आवडही आहे. स्वभावच चौकस, काय करणार.

अलीकडे एक शब्द सारखा कानावर येई, तो म्हणजे नेट. नेट आलं, नेट गेलं, घाटाच्या वळणावर उभं राहिलं की नेट मिळतं. माझा आवाज वायरीतून जातो, ती वायर निदान दिसते तरी. हे नेट कुणाच्या मालकीचं? त्याचे नियम कोण ठरवतं? विचारू कुणाला?

गेल्या बाजाराच्या दिवशी उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. शाळेच्या पटांगणात बैठक भरली. भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश इथल्या संस्थांनी मिळून इंटरनेटचे नियम सरकारांना सुचवायचे होते, डोंगरातल्या माणसालाही सोयीचे पडतील असे. मसुदा तयार होता. तो आधी इथल्या लोकांपुढे वाचायचा, हा हट्ट त्यांतल्याच एका संस्थेच्या सृष्टीताईंचा. मी हरखून गेलो.

पण आपल्याकडे सत्काराशिवाय बैठक सुरू होते का? पाहुण्यांना शाल-नारळ झाला, सरपंचांना झाला, मग सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार झाला. दीड तास त्यातच गेला. पाहुण्यांच्या गाड्या पाचला निघणार होत्या आणि मागच्या रांगेत गोजरबाई नावाची म्हातारी सकाळपासून बसून होती.

तिला तीन महिने रेशन मिळालं नव्हतं. रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं. दुसरा मार्ग होता मोबाईलवर येणाऱ्या आकड्याचा. पण कार्डाला जोडलेला मोबाईल नंबर तिच्या मुलाचा, गोरक्षनाथचा. तो दूर सुप्याच्या कारखान्यात, कामावर असताना मोबाईल जमा करावा लागतो. संध्याकाळी तो आकडा बघायचा, तोवर त्याची मुदत संपलेली.

पावणेपाचला सृष्टीताईंनी मला गोजरबाईपुढे धरलं आणि अडचण सांगा, म्हणजे नोंद होईल, असं म्हणाल्या. म्हातारीनं पदराला अंगठा पुसला आणि माझ्या जाळीवर दाबून धरला.

कर्ण्यातून धप्पकन आवाज आला. सगळा मंडप हसला. तिनं अंगठा काढला नाही.

"लागला का?" तिनं विचारलं.

ते शब्द मीच शेवटच्या खुर्चीपर्यंत नेले. हसणं थांबलं. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. एकदा तरी हो म्हणता यायला हवं होतं.

ती म्हणाली, "भाताची आवणी करूकरू रेघा गेल्या, बाई. मशीन म्हनतं, ही तू न्हाईस. मंग मी कोन हाय?"

सृष्टीताईंनी ते हिंदीत सांगितलं. नेपाळच्या बाई तोवर कागद चाळत होत्या, त्या उठून आल्या. त्यांच्या आईचाही अंगठा दगड फोडून असाच झालाय म्हणाल्या. श्रीलंकेच्या गृहस्थांनी चहाच्या मळ्यातल्या बायकांचं सांगितलं. गाड्या पाचला निघाल्याच नाहीत. साडेसहाला मसुद्यात नवं कलम आलं: अंगठा लागला नाही म्हणून कुणालाही दारातून परत पाठवू नये. ते माझ्यातूनच वाचलं गेलं. खरं सांगतो, मी फुशारलो.

मग गोजरबाईनं सरळ विचारलं, "म्हंजी तांदूळ उद्या मिळंल का?"

सृष्टीताई म्हणाल्या की मसुदा आता चार देशांत फिरेल, पुढची बैठक काठमांडूला आहे. म्हातारीनं पिशवीची घडी घातली आणि शेवटच्या जीपकडे निघाली.

नेट कुणाचं हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. माझी वायर काठमांडूपर्यंत पोचत नाही. पण तिथंही माईक असेलच. त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, म्हणजे हात असते तर जोडले असते. शाल-नारळ जरा आवरा आणि आधी एवढं सांगा, की राजूरच्या वरच्या वाडीत गोजरबाई राहते आणि तिला आता चौथा महिना लागलाय.