चार शिवणी मिळतात ती जागा

फिटरने चड्डीत मूठ घातली, कापड ताणले आणि ते खिडकीतल्या उन्हासमोर धरले. मग कमरेचे इलॅस्टिक खेचून सोडून पाहिले. ते चटकन जागेवर आले. कारखान्यात आयुष्यभर जितक्या गांभीर्याने सुटे भाग पारखले, तितक्याच गांभीर्याने तो आज ही सायकलची चड्डी पारखत होता. तरी त्याचे मन मानत नव्हते, कारण वस्तू परदेशी होती आणि किंमत मात्र हातरुमालाची.

“नुसती ताणून काय कळतंय? आणा इकडे,” शिलाई मशीनवरून बायको म्हणाली.

“राहू दे. स्वस्तातला माल आहे.”

“म्हणून तर बघते. तुम्ही स्वस्तात घेतलंत म्हणजे फसलातच.”

रविवारी जुन्या शर्यतीतली मंडळी पुन्हा एकदा तलावापर्यंत सायकली काढणार होती. टकल्या, म्हणजे त्याचा तरुणपणीचा जोडीदार, स्वतः येऊन सांगून गेला होता आणि चड्डीचे दुकानही त्यानेच दाखवले होते. फिटरला जायचे होते. परंतु ही चड्डी बायकोच्या हाती पडू नये, असे त्याला अंतःकरणापासून वाटत होते.

त्याच्या तारुण्यात असल्या चड्ड्या दुकानात मिळत नसत. लग्न नवे होते, संसार एका खोलीचा होता, आणि तिने जाड काळ्या कापडाची चड्डी स्वतः बेतून शिवली होती. आत मऊ चामड्याची गादीही लावली होती. इतरांच्या चड्ड्या भर शर्यतीत उसवत आणि प्रेक्षकांची करमणूक होई. फिटरची कधी उसवली नाही. चारही शिवणी जिथे येऊन मिळतात, तिथे ती दुहेरी टाके घालून वर आणखी एक पट्टी मारत असे. सायकलस्वाराचा सारा भार नेमका त्याच जागेवर येतो, हे तिला कोण सांगणार? पहिल्या शर्यतीहून फिटर फेंगडा चालत घरी आला तो सांगायच्या तयारीनेच. पण ती दारातच उभी होती.

“उसवली नाही ना?” तिने विचारले होते, आणि तिच्या मुखावर असे काही तेज होते की त्याची जीभ आपसूक वळली.

“तुझी शिवण, आणि उसवेल?”

त्या एका वाक्याने तो जन्माचा बांधला गेला. पुढच्या प्रत्येक हंगामात ती नवी चड्डी शिवी, आणि प्रत्येक चड्डी आधीच्या चड्डीहून अधिक मजबूत निघे.

आता तिने परदेशी चड्डी त्याच्या हातातून ओढून घेतली, उलटी केली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तिचे बोट शिवणीवरून चालू लागले.

“धागा कच्चा आहे. कापडही सुमार, दोन धुण्यांत ढिलं पडेल,” ती म्हणाली.

“बघ, मी म्हणत नव्हतो?”

बोट मध्यभागी येऊन थांबले.

“इथे शिवण नाहीच.”

“विसरले असतील. स्वस्तातला माल.”

“विसरतील कसे? मुद्दाम वळवून बाजूला नेलीय. गादी अख्खी एका तुकड्याची.”

मशीनचे चाक तिने उगाचच अर्धे फिरवले. फिटर खिडकीबाहेर बघू लागला. तिथे बघण्यासारखे काहीच नव्हते.

“अहो, शर्यतीत तुम्ही सीटवर का बसत नव्हतात?”

“उभं राहिलं की जोर मिळतो.”

“बाकी सगळे बसायचे. टकलेभाऊजीसुद्धा. तुम्ही एकटेच उभे. लोक म्हणायचे, फिटर म्हणजे घोडा, बसतच नाही.”

“होतोच मी घोडा.”

“आणि घरी आलं की पालथे झोपायचात.”

“ती सवय होती.”

“आता उताणे झोपता.”

फिटरने मान खाजवली. ती हसेल असे त्याला वाटले होते. ती हसली नाही.

“एकदा बोलायचं तरी. शिवण बाजूला घ्यायची, एवढंच काम होतं हो.”

“तू विचारायचीस, उसवली का. नव्हती उसवली.”

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मग खणातली बारीक कात्री काढून तिने तिचे टोक नव्या चड्डीच्या शिवणीखाली घातले. टाका कट् करून तुटला.

“अगं, नवी आहे ती! रविवारी काय घालू मी?”

“कपाटात काळं कापड आहे. हिचे तुकडे सुटे करून फक्त बेत उतरवून घेते. ज्यानं बेतली त्यानं डोकं चालवलंय. हात नाही चालला त्याचा.”

“रविवारपर्यंत होईल?”

“धरा ते टोक. ताणून धरा, नाहीतर तिरपं उसवेल.”

फिटर तिच्या समोर जमिनीवर बसला आणि त्याने टोक धरले. एकेक टाका सुटत गेला. वर न बघता तिने विचारले,

“फार बोचायची?”

“उतारावर. थोडीशी.”

“आणि सपाटीवर?”

फिटरने कापड आणखी ताणून धरले.

“जपून,” तो म्हणाला, “बोट कापशील.”