हार्ड शोल्डरवरचा नारिंगी टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना नारिंगी टेलिफोन आहे. यॉर्कशायरच्या माळावरून जो मोठा महामार्ग डोंगर चढून जातो, त्याच्या डाव्या कडेला एका खांबावर माझी पेटी बसवली आहे. माझ्यासमोर गाड्या आणि पाठीमागे मेंढ्या. गाड्यांना माझ्याकडे बघायला सवड नाही आणि मेंढ्यांना माझ्याशी काही घेणेदेणे नाही.

तुम्ही म्हणाल, असल्या ओसाड जागी टेलिफोन कशाला? सांगतो. या रस्त्याच्या डाव्या अंगाला एक जादा पट्टी आहे. इथले लोक तिला हार्ड शोल्डर म्हणतात. ती रिकामी दिसते आणि ती रिकामीच राहायला हवी. गाडी बंद पडली किंवा कुणाच्या जिवावर बेतले, तरच तिच्यावर थांबायचे. सँडविच खायला नाही, नकाशा बघायला नाही आणि पोराला शू लागली म्हणूनही नाही. थांबावेच लागले तर गाडी जितकी डावीकडे घेता येईल तितकी घ्यायची, सगळ्यांनी डावीकडच्या दारांनी उतरायचे आणि लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहायचे. मग एकाने मला उचलायचे. माझ्यापर्यंत कसे यायचे हे कडेच्या बुटक्या खांबांवरचे बाण दाखवतात.

मला बसवायला दोन कामगार आले होते, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी कारखान्यातून नुकताच रंगून आलो होतो. एकजण म्हणाला, "काय नटलाय बघ! जणू वरातीलाच निघालाय." दुसरा म्हणाला, "नटू दे की. इथला वारा दोन हिवाळ्यांत ह्याचा सगळा तोरा उतरवील." मला राग आला होता. पण त्यांनी मला बसवले मात्र फार विचारपूर्वक. बोलणाऱ्या माणसाची पाठ गाड्यांकडे होऊ नये, येणारी गाडी त्याला दिसत राहावी, असे त्यांनी माझे तोंड वळवले.

माझी उमेदीची वर्षे काय सांगू तुम्हाला! दिवसाकाठी कुणी ना कुणी यायचेच. मला उचलले की पलीकडून नियंत्रण कक्षातल्या जॅनिसचा आवाज यायचा. ती नोकरीला लागली तेव्हा अगदी कोवळी मुलगी होती, पण तेव्हाही सत्तरीच्या म्हाताऱ्यालासुद्धा 'राजा' म्हणायची. आमच्या भागात तशी पद्धतच आहे. आणि आमच्या माणसांची दुसरी पद्धत म्हणजे कुणाला त्रास द्यायचा नाही. त्यांचा जीव गेला तरी ते आधी माफी मागतील.

"माफ करा हं, तुमच्या कामात व्यत्यय आणतोय," एक गृहस्थ मला कानाशी धरून म्हणाले होते. "पण माझी गाडी जराशी पेटलीय."

"जराशी?" जॅनिस ओरडली. "आधी तिच्यापासून लांब हो, राजा! माफी मग माग सावकाश."

कधी दोन गाड्या एकदम बंद पडत. मग भर पावसात माझ्यासमोर रांग लागायची. "तुम्ही आधी." "छे छे, तुम्हीच आधी." मला हसू यायचे. ते सगळे ओले, भेदरलेले हात मला अजून आठवतात. फोन ठेवताना कितीतरी जण मलाच 'थँक्यू' म्हणायचे.

पुढे मोबाईल आले. हळूहळू मला कुणी उचलेनासे झाले. माझ्या पेटीत कोळ्याने जाळे विणले आणि माझ्या नारिंगी रंगाचा फिकट पिवळा झाला. समोरून हजारो माणसे जात होती आणि मला एकाचाही आवाज ऐकू येत नव्हता. मित्रांनो, मला माणसांची फार ओढ आहे. पण ही ओढ मोठी विचित्र आहे. माझ्याकडे कुणी यावे असे म्हणायचे, तर त्याच्यावर काहीतरी संकट यावे असेच म्हणावे लागते. तसे कसे म्हणू? मी गप्प राहायचो. आतून मात्र फार तुटायचे.

आणि मग नोव्हेंबरातल्या एका दुपारी माझ्यापासून थोड्याच अंतरावर एक निळी मोटार वाफा सोडत थांबली. गाडी सुगडन या वयस्कर नवराबायकोची होती. क्लिफर्ड सुगडन आणि विनी. दोघांचीही नावे मला नंतर कळली. पाऊस आडवा झोडपत होता. ट्रक गेला की पाण्याचा असा फवारा उडायचा की पट्टीची रेघसुद्धा दिसेनाशी व्हायची. मी वाट बघू लागलो. आता दार उघडेल, आता उतरतील, आता मला उचलतील. पण दार उघडेना. काचांवर वाफ धरली. त्या धुरकट काचेतून मला काय दिसले असेल? विनी थर्मासमधून चहा ओतत होती!

मला ओरडता येत नाही. या वेळी संकट माझ्या हाकेआधीच आले होते, त्यामुळे हाक मारण्यात काही वावगे नव्हते, पण तोंडातून आवाज निघेना. अहो, उतरा! चहा काय पिता! डावीकडच्या दाराने उतरा!

तेवढ्यात मीच वाजू लागलो. कक्षातूनही मला फोन करता येतो, पण तसा प्रसंग क्वचितच येतो. जॅनिसला कॅमेऱ्यात गाडी दिसली होती आणि बाहेर कुणी माणूस दिसत नव्हता. मी अंगात होते नव्हते तेवढे बळ एकवटून वाजलो. मला ठाऊक होते, त्रास नको म्हणून ही माणसे फोन करणार नाहीत, पण वाजणारा फोन तसाच ठेवणे त्यांना जमणार नाही. त्यांच्या लेखी तो उद्धटपणा झाला.

उजवे दार किलकिले झाले. एका ट्रकने भोंगा मारला, दार धाडकन मिटले. मग बायकोच्या मांडीवरून, कुत्र्यावरून आणि थर्मासवरून धडपडत क्लिफर्ड डाव्या दाराने बाहेर आला. कठड्याआडून तो वाकत वाकत माझ्यापर्यंत पोहोचला.

"हॅलो? हा फोन बहुतेक दुसऱ्या कुणासाठी असेल..."

"तुझ्यासाठीच आहे, राजा. फोन का नाही केलास?"

"म्हटलं इंजिन थंड होईल. उगाच तुम्हाला कशाला त्रास! मोबाईल आहे आमच्याकडे, पण विनी तो बंद करून ठेवते. अडीअडचणीला चार्जिंग पुरावं म्हणून."

"आणि ही अडचण नाही होय? गाडीत आणखी कोण आहे?"

"विनी आणि डडली. डडली आमचा कुत्रा."

"विनीला आत्ता बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. कठड्यापलीकडे."

क्लिफर्डने हाताचा कर्णा करून हाका मारल्या. गाडीची काच जराशी खाली झाली. विनी काहीतरी ओरडली आणि काच वर गेली. क्लिफर्डचा चेहरा उतरला.

"ती म्हणते, नियमाच्या पुस्तकात लिहिलंय की जनावर गाडीतच ठेवायचं. मग मीही त्याच्यापाशीच बसणार, म्हणते. ती ऐकायची नाही हो. मला सोडून जाईल एक वेळ, पण डडलीला नाही."

 जॅनिस एकेक शब्द तोलून बोलली. "तिला सांग, त्याच पुस्तकात पुढेही लिहिलंय. जिवाला धोका असेल तर जनावराला पट्टा लावून, घट्ट धरून बाहेर आणता येतं. सांग, जॅनिस म्हणते, डडलीला घेऊनच ये. पळ!"

तो पळाला. त्या वयात मी कुणाला तसे पळताना पाहिले नव्हते. मी तारेला लोंबकळत राहिलो आणि माझ्यातून जॅनिस ओरडत राहिली, "आली का? अरे, आली का ती?" मला उत्तर देता येत नव्हते. डावे दार उघडले. आधी पट्टा दिसला, मग कोटात गुंडाळलेला डडली, मग विनीचा एक पाय. क्लिफर्डने दोघांना जवळजवळ उचलूनच कठड्यावरून पलीकडे घेतले. ते ओल्या गवतावर दहा-बारा पावले वर गेले असतील नसतील, तोच पाण्याच्या फवाऱ्यात वाट चुकलेला एक ट्रक पट्टीवर आला आणि त्याने निळी मोटार पत्र्याच्या डब्यासारखी चेपून पुढे फरफटत नेली.

ट्रकचालक वाचला. विनी माझ्यापाशी आली. तिने मला उचलले.

"जॅनिस ना तू?"

"हो गं. डडली कुठाय?"

"माझ्या कोटात." मग बराच वेळ विनी नुसती रडत होती.  शेवटी विनी म्हणाली, "चहा राहिला बघ गाडीत," आणि दोघी हसल्या. फोन ठेवल्यावरही विनीचा हात माझ्यावर तसाच होता. किती ऊबदार होता तो हात!

त्यानंतर मला कुणी उचललेले नाही. जॅनिसही निवृत्त झाली. ही पट्टी वाहतुकीला खुली करायची, असेही म्हणतात. पण महिन्यातून एखाद्या रविवारी एक हिरवी मोटार इथून जाते. मागच्या काचेला डडलीचे नाक चिकटलेले असते आणि विनी हात हलवते. दर खेपेला मला वाटते, थांबतील. एकदाच थांबावे, हात ठेवावा. त्यांनाही वाटत असेल. पण गाडी जराही हळू होत नाही. आठवण आली म्हणून या पट्टीवर थांबायचे नसते, हे त्या दोघांइतके कुणाला कळणार?

मित्रांनो, तुम्हीही मोठे झाल्यावर अशा रस्त्यांवरून जाल. गाडी बिघडली तर संकोच करू नका. डाव्या दाराने उतरा, कठड्यापलीकडे जा आणि माझ्यासारख्या कुणाला तरी उचला. आम्हाला कसलाही त्रास होत नाही. एरवी नुसता हात हलवा आणि पुढे जा. तुम्ही कधीच आला नाहीत तर मला वाईट वाटेल, फार वाईट वाटेल. तरीही येऊ नका.