शंभराच्या खाली

शुक्रवारी सकाळी डॉक्टर आरिस्मेंदींनी झेनायदाच्या पोटातून तिसऱ्यांदा सुई घातली, ती बाळाच्या मूत्राशयापर्यंत नेली आणि तपासणीपुरती लघवी काढून घेतली. बाळ एकवीस आठवड्यांचं होतं. त्याचा लघवीचा मार्ग बंद होता, मूत्राशय तट्ट फुगलं होतं आणि भोवतीचं पाणी आटून गेलं होतं. पाण्यावाचून फुप्फुसं वाढत नाहीत, आणि तुंबलेल्या लघवीच्या दाबाखाली मूत्रपिंडं तर आधीच चेपत चालली होती. बारीक नळी बसवून ती लघवी बाहेर काढता आली असती, पण मूत्रपिंडांत जीव उरला असेल तरच. तो उरलाय की नाही हे लघवीतल्या मिठावरून कळतं. आकडा शंभराच्या खाली आला तर नळी बसवायची, नाहीतर नाही.

सोमवारी तो एकशे अठरा आला होता, बुधवारी एकशे नऊ.

आता हाच मीठ शब्द दुसऱ्या कुणाच्या कानावर पडता तर गोष्ट वेगळी होती. झेनायदा समुद्रकाठच्या कुयुत्लान गावची. माहेर मिठागरातलं, सासरही मिठागरातलं. नवरा एलिसेओ या घटकेलाही खाडीकाठी मीठ ओढत होता, कारण पावसाळ्याआधी हंगाम उरकावा लागतो. पाचवा महिना लागेपर्यंत तीही त्याच खाऱ्या पाण्यात अनवाणी उभी असे. सोमवारी डॉक्टर म्हणाल्या, "बाळाच्या लघवीत मीठ फार आहे," आणि हिच्या पायाखालची जमीनच सरकली. माझ्याच अंगातून मुरलं ते, असं तिने ठरवूनही टाकलं. डॉक्टरांना विचारायला काय झालं होतं? पण ग्वादलाहारासारख्या शहरात, एवढ्या शिकलेल्या बाईपुढे आपण अडाणी दिसू नये ही हौस माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

त्यात फोनवर एलिसेओने भर घातलीच. "सांगत होतो ना, मिठागरात उतरू नकोस म्हणून? ऐकशील तर शपथ!"

त्या दिवसापासून तिने मीठ सोडलं. सोबत सासू आली होती, तोमासाबाई. इस्पितळासमोर ख्रिस्ती जोगिणींची धर्मशाळा होती, तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात ती सुनेसाठी अळणी घेवडा, मक्याची अळणी पेज असं काहीबाही शिजवायची आणि वर तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

"खा गं बाई. गुरांनासुद्धा याहून चवीचं मिळतं."

"पुरे आई."

"काय पुरे? सकाळी जिन्यात भोवळ आली ना तुला? आमच्या सात पिढ्या मिठात राबल्या, कुणाचं पोर..." एवढं बोलून म्हातारी पुढचं गिळायची आणि भांडी घासायला उठायची. तिलाही आतून तीच शंका कुरतडत होती.

बुधवारी आकडा उतरला तेव्हा एलिसेओ फोनवर ओरडलाच, "बघ! सोडलंस तर उतरलं!" झेनायदाने हिशेब केला. दोन दिवसांत नऊ, म्हणजे आणखी दोन दिवसांत नऊ, म्हणजे नेमके शंभर. शंभर चालणार नव्हते. म्हणून तिने पेजही अर्ध्यावर आणली आणि पाणी मात्र तांब्यामागून तांबे ढोसलं. शुक्रवारी दुपारी निकालाला बोलावलं. आत एकीलाच सोडत होते, म्हणून तोमासाबाई बाकावर थांबली.

डॉक्टर टेबलामागून उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. तिथेच झेनायदाला काय ते कळलं.

"एकशे सव्वीस," डॉक्टर म्हणाल्या.

"पुन्हा बघा ना. दुसऱ्या कुणाची बाटली आली असेल."

"दोनदा तपासलं, झेनायदा."

"पण मी मिठाचा कण खाल्लेला नाही! पाच दिवस! सासूबाईंना विचारा!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या कामाचाही नाही. धड मूत्रपिंडं मीठ परत ओढून घेतात, बाळाची घेत नाहीत. बुधवारी मलाही वाटलं होतं की घेतील. तुमच्यामुळे उतरलं नाही आणि तुमच्यामुळे चढलंही नाही."

ऐकणाऱ्याला वाटेल, चला, निदान दोष तरी टळला. झेनायदाला तसं काही वाटलं नाही. पाच दिवस बाळासाठी करण्यासारखं काहीतरी तिच्या हातात होतं, आता तेही गेलं.

"तरी बसवा नळी. पाया पडते. सही देते. नंतर माझं एक मूत्रपिंड घ्या."

"एवढ्याशा बाळाला तुमचं बसत नाही. मोठं होईतोवर यंत्रावर ठेवायची आमच्याकडे सोय नाही." डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "नळीने आता काही साधणार नाही."

"त्याला दुखतंय का?"

"नाही. तुमच्या पोटात आहे तोवर त्याचं रक्त वारेतून साफ होतं. आत तो ठीक आहे."

आत तो ठीक आहे. हे बरं की वाईट, तिला काही केल्या कळेना.

ती बाहेर आली. तिचा चेहरा पाहून तोमासाबाई बाकावरून उठली, पुन्हा बसली, आणि फरशीकडे बघत म्हणाली, "मी घातलं."

"काय?"

"मीठ. तुझ्या पेजेत. रोज चिमूटभर. तू कोसळशील अशी भीती वाटली मला." म्हातारी भराभर बोलत सुटली. "एलिसेओला सांग, तुझ्या आईने केलं हे. माझ्या नावाने बोंबलू दे त्याला. माझे किती दिवस राहिले? तुम्हा दोघांना अजून संसार करायचाय."

लहानपणापासून बापासाठी मिठाची प्रत जिभेवर चाखून सांगणारी झेनायदा, पेजेत एक कण पडला असता तरी तिला कळला असता. पेज अळणी होती, पाचही दिवस. म्हातारी धडधडीत खोटं बोलत होती, आणि तेही मिठानेच पोर हातचं चाललं असं स्वतः खरं मानून. नातवाचं मरण तिने सुनेच्या अंगावरून काढून आपल्या अंगावर ओढून घेतलं होतं. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिला हुंदका फुटला.

"खोटं बोलताय आई," ती कशीबशी म्हणाली. "आणि मिठाचा संबंधच नाही. डॉक्टर म्हणाल्या. तुमचा नाही, माझा नाही, मिठागराचाही नाही."

"खरं?"

"खरं."

म्हातारीने तोंडाला शाल लावली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. तेवढ्यात फोन वाजला. एलिसेओचाच होता. तोमासाबाईने रडत रडतच हात पुढे केला, "दे इकडे, मी बोलते." झेनायदाने नकारार्थी मान हलवली आणि फोन कानाला लावला.

"किती आला?" त्याने विचारलं.

"वर गेला. नळी बसवणार नाहीत."

पलीकडे वारा घोंगावत होता. "पण तू तर मीठ सोडलं होतंस," तो म्हणाला. "मग कुणामुळे झालं?"

"कुणामुळेच नाही, एलिसेओ."

"असं कसं? कुणामुळे तरी..." आणि एवढा आडदांड माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. पोटात बाळ हललं. पाणी नसल्यामुळे ते थेट आतून कातडीला चिकटून सरकल्यासारखं वाटलं. तिने तिथे तळवा ठेवला.

"ऐक," ती म्हणाली. "तो अजून आहे. आत्ता हलला. आता निघालास तर अंधार पडायच्या आत पोचशील."