कार्ड आलं नाही तर

साखर कारखान्याच्या सांगलीतल्या ऑफिसात बसून नानासो कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा. कॉम्प्युटर पुण्याला. इथं कागदावर लिहायचं, कार्डांना भोकं पाडायची आणि पेटी गाडीनं पुण्याला धाडायची. कुठला ऊस आधी तोडायचा, एवढंच त्या यंत्रानं सांगायचं. पण जुना प्रोग्रॅम ऊस लावल्याच्या तारखेला असा चिकटून बसला होता, की विहिरी आटल्या, उभा ऊस वाळला, तरी त्याचा हेका सुटेना.

मग नानासोनं मांडणीच बदलली. मूळ प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. पाणी, रस्ता, पाऊस, प्रत्येकाचं कार्ड वेगळं. दिवस पालटले की तेवढं कार्ड पालटायचं. ही अक्कल त्याला सासऱ्याकडून आली होती. म्हसवडचा बिराप्पा दरसाल मेंढरं घेऊन कोल्हापूरकडं उतरायचा. मेंढरं तीच, माणसं तीच, वाट मात्र गवत बघून ठरायची. आणि एखादं कार्ड आलंच नाही तर? तर मागचंच कार्ड खरं धरून पुढं चालायचं. नानासोचे साहेब दादासो यावर भलतेच खूश होते. काम कुठं अडत नव्हतं.

त्याच वर्षी माघात नानासोची बायको हरणाबाई तापानं गेली. त्याला रडू आलं नाही. दिवसकार्य झाल्यावर तो ऑफिसात आला आणि कार्डं लावत बसला. खाल्लेलं गोड की तिखट ते कळत नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. रानात फिरणाऱ्या म्हाताऱ्या बिराप्पाला मात्र कळवायचं राहिलं होतं. मेव्हण्यानं विचारलं तेव्हा "मी धाडतो निरोप" असं नानासोच म्हणाला होता. बाजारच्या गावी सांगून ठेवलं की मेंढरांच्या तळावर निरोप बरोबर पोचतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं धाडला नाही.

जेठात बिराप्पा मेंढरं गड्यांवर सोपवून थेट सांगलीला आला. खांद्यावर कोरं घोंगडं होतं.

"हरणीला आणलंय. कुठं गेली ती?"

"मामा, ती माघातच गेली. तापानं."

म्हातारा उंबऱ्यावर बसला. घोंगडं त्यानं मांडीवर घेतलं. त्यावरनं हात फिरवत म्हणाला, "आमाला का कळवलं न्हाई, जावईबापू?"

नानासोला खोटं सुचलं नाही. "तुमाला ठावं न्हवतं, तवर ती कुटंतरी हाय असं वाटायचं."

"माज्यापाशी?"

"व्हय."

"मी तिकडं लोकरीची एकेक बट निवडत बसलो हुतो, रं," बिराप्पा म्हणाला. "मेलेल्या लेकीसाठी."

तो पाणीही न घेता म्हसवडच्या गाडीला गेला. घोंगडं उंबऱ्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी नानासोनं प्रोग्रॅममधली मागचंच खरं धरायची ती ओळ काढली. कार्ड आलं नाही तर तिथंच थांबायचं, असं लिहिलं. दादासोंनी कागद वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"अहो, यानं काम अडेल."

"अडू दे, साहेब. माणूस पाठवून विचारून घेऊ."

आवाज ऐकून दादासोंनी वर बघितलं. नानासो रडत होता.