मोठं तिकीट

"मोठं काढू की छोटं?" धाकट्या जावेने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं. समुद्राकाठची खोली ठरली होती. पहिला दिवस वाळूत लोळायचं, हेही ठरलं होतं. घोडं अडलं होतं दुसऱ्या दिवसाच्या पार्कवर. तिथलं तिकीट वयावर नाही, उंचीवर. मोठं म्हणजे सगळे पाळणे, आकाशात नेऊन उलटं टांगणारा तो राक्षससुद्धा. छोटं म्हणजे लाकडी घोडे आणि बदकं.

"छोटंच काढ," मी म्हणाले. आमची चिमणी दहाची झाली तरी बोटभर कमीच भरत होती. जावेची पोर दोन वर्षांनी लहान, पण हिच्या डोक्यावरून बघायची. आणि जाऊ ते दर भेटीत, पाठीला पाठ लावून, सगळ्यांना दाखवायची. मला तेव्हा तिचा गळा धरावासा वाटे.

"मोठं!" पुढच्या खोलीतून नवरा ओरडला. तिथं त्याचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान आहे.

"अहो, दारातूनच परत पाठवतील तिला."

"नाही पाठवणार."

हा माणूस काही लपवत असला की हातोडी जोरात मारतो. आताही ठोकाठोक वाढली. "थांब गं जरा," असं जावेला सांगून मी स्पीकरवरचा फोन पालथा ठेवला आणि बॅगेत भरलेले, त्यानेच बनवलेले चिमणीचे नवे बूट बाहेर काढले. आत हात घातला, तर टाच नको तितकी वर आलेली. गादी उचकटली. खाली बुचाचा जाड थर, कडा इतक्या सुबक घासलेल्या की कुणाला शंका येऊ नये. माझं डोकंच फिरलं.

"हे काय आहे?" मी बूट त्याच्यासमोर आपटला. "पाळण्यात बसल्यावर बुटाने खांदे वर येतात का? तिथला पट्टा खांद्यावर बसतो! पोरगी वरून निसटली म्हणजे?"

"अगं, बोटभर तर आहे."

"बोटभराने काय होतं ते बघायला माझी पोर वर पाठवू?"

"मग काय, ती खाली पिशव्या सांभाळत बसलेली बघू?" त्याचा आवाज चढला. "आणि माझ्या भावाची पोर तिला वरून टाटा करणार?"

पालथ्या फोनमधून जाऊ म्हणाली, "मला काही ऐकू येत नाहीये हं. भांडा सावकाश. पण सवलत आता संपतेय."

चिमणी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"बाबाला ओरडू नकोस. मीच मागे लागले होते."

"जिवावर उदार झालीस का गं?" माझा आवाज फाटला.

"मी बसणारच नव्हते," ती म्हणाली. "मला भीती वाटते त्याची."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

"तिथे उंची मोजायची दांडी असते ना, तिला डोकं लागलं की दारावरचा माणूस म्हणतो, जा आत. तो सगळ्यांसमोर जा आत म्हणाला की मी म्हणणार होते, मला नाही बसायचं." ती बुटांकडे बघत होती. "नेहमी दुसरेच मला नाही म्हणतात."

नवऱ्याने बूट जवळ ओढला आणि रापीने बूच खरवडायला लागला. रापी सारखी घसरत होती. मी आतून फोन आणला.

चिमणीने माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू, मोठं नको," ती म्हणाली. "मला नाही बसायचं."