काळी गाडी

रशीदभाईंनी आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, आणि कॉम्प्युटरवर गेम खेळायची वेळ त्यांच्यावर आली ती रिटायर झाल्यावर. दौंडच्या घरात ते एकटेच. बायको अमीरबी गेल्या रमजान ईदपासून सणसवाडीला, मुलाकडं. झिशान कंपनीत, सून सुफिया दवाखान्यात नर्स, मग तान्ह्या नातवाला सांभाळायचं कुणी? त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणखी एका मोठ्या माणसानं पाय पसरावेत एवढी जागा नव्हती, म्हणून रशीदभाई मागं राहिले. ती परत कधी येणार हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि विचारायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

झिशानला एक वेड होतं. कॉलेजात असताना त्यानं ढीगभर जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या होत्या, सगळ्या एकाच जातीच्या. सरकार भिंतीतून बघतंय, पुस्तकं जाळतंय, माणसांना नावाऐवजी नंबर देतंय, आणि लोकांनी वर सुखात असल्याचं तोंड करून हिंडायचं. आता दोन मित्रांना धरून, ड्युटी संपल्यावर, तो तसल्याच एका शहराचा मराठी गेम बनवत होता.

"अब्बा, जगातले लई मोठे गेम ह्याच कादंबऱ्यांवर उभे हायेत," तो सांगायचा. "ती करडी शहरं, ते भोंगे, तो पहारा, समदं तिथनंच उचललेलं. आपण फकस्त आपल्या भाषेत आणायचं."

मग त्यानं आपला जुना कॉम्प्युटर दौंडला आणला आणि बापाला त्याच्यापुढं बसवलं. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याला जमलं, तर कुणालाही जमेल, असा त्याचा हिशोब. तोही त्यानं तोंडावर सांगितला. पोराची जीभ पहिल्यापासून सैल.

गेममधले रशीदभाई म्हणजे नंबर लावलेला एक कामगार. भोंगा झाला की कारखान्यात जायचं, मान खाली घालून काम करायचं, संध्याकाळी करड्या इमारतीचा जिना चढून खोलीवर यायचं. जिना संपला की शेजारचं दार किलकिलं व्हायचं आणि शेजारीण विचारायची, "आलात व्हय? आज उशीर केलात. च्या टाकू का?"

आवाज अमीरबीचा होता. कलाकार कुठून आणायचे, म्हणून झिशाननं आईलाच मोबाईलपुढं बसवून वाक्यं वदवून घेतली होती, आणि बापाला सांगायचं विसरला होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रशीदभाई खुर्चीवरनं उठून खरोखर स्वयंपाकघरात डोकावून आले. आपल्याच खुळेपणाचं त्यांना हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

अमीरबी फोनवर भेटायची, नाही असं नाही. पण दोन वाक्यं झाली की, "थांबा, बाळ उठलं," म्हणून ठेवून द्यायची. शेजारणीला कसलीच घाई नसायची.

गेममधल्या चौथ्या दिवशी मात्र वेगळंच घडायचं. शेजारणीनं पिठाच्या डब्यात बंदी घातलेलं पुस्तक लपवलेलं असतं. काळी गाडी येते, शिपाई दार फोडतात, तिला ओढत घेऊन जातात. मग आपण पेटून उठायचं, आणि तिथनं म्हणे खरा गेम सुरू. रशीदभाई काही पेटून बिटून उठले नाहीत. एकदा ते सगळं बघितलं, कॉम्प्युटर बंद केला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तेव्हापासून तेच चाललेलं. चौथा दिवस आला की बंद, पुन्हा पहिला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. झिशान एकटाच आला.

"अब्बा, कोण कुठवर खेळलं ते मला मोबाईलवर दिसतं. तुम्ही तिसऱ्या दिवसाच्या म्होरं जातच न्हाई. अडकताय कुठं?"

"अडकत न्हाई. त्या बाईला नेऊ नको."

"नेलं न्हाई तर गोष्टच न्हाई की! त्या समद्या कादंबऱ्यांत असंच हाय. जिच्यावर जीव, तिलाच नेत्यात."

"मग मी न्हाई जात म्होरं."

झिशान हसला. खुर्ची ओढून बसला, बराच वेळ खटाखट बटणं दाबली आणि म्हणाला, "घ्या. ही खास तुमची कॉपी. हिच्यात तिला कोण नेत न्हाई. कवाबी या, दारात हायेच."

पोरानं मनापासून केलं होतं, त्यात खोट नव्हती. म्हणूनच रशीदभाईंना जास्त लागलं. त्यांना कॉपी नको होती, अमीरबी हवी होती, घरात, चालतीबोलती. पण तसं म्हणावं तर पोराची नोकरी, सुनेची नोकरी, बाळ. सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. शेवटी त्यांनी आडवळण घेतलं.

"झिशान, ते काळ्या गाडीचं तुझं चुकलंय."

"कसं काय?"

"दार फोडून कोण नेत न्हाई रं. भर दुपारी येत्यात. आपलीच माणसं असत्यात. पोटभर जेवत्यात, सलाम करत्यात. थोड्या दिवसांचा प्रश्न हाय म्हनत्यात. आपल्यालाबी पटतं. आन् तिची बॅग आपणच उचलून डिकीत ठिवतो. गाडी वळंस्तवर हात हलवतो."

एवढं बोलून ते पोराच्या तोंडाकडं बघत राहिले. आता कळेल, आत्ता कळेल.

झिशानचे डोळे चमकले. "अब्बा, कसलं भारी! कुठल्याच कादंबरीत असं न्हाई," म्हणत त्यानं मोबाईल काढला आणि भराभर टाइप करायला लागला. "दुपार... जेवण... डिकी. आन् बॅग कंच्या रंगाची दाखवू?"

"निळी," रशीदभाई म्हणाले. "चेन तुटलेली. मी सुतळीनं बांधलेली."

झिशाननं तेही लिहून घेतलं.