उंबराचा हौदा

सकाळचा नेम आटोपून केसरबाई भाकर घेऊन सोसायटीच्या गोदामामागं आली, तेव्हा तिचा नवरा त्रिंबक जुन्या फारगो ट्रकच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला होता. नुसते पाय दिसत होते. टाचांच्या भेगांत काळं ऑइल मुरलेलं.

"अहो, दोन घास खाऊन घ्या."

"हं," आतून आवाज आला. पाय काही हलले नाहीत.

ही फारगो सोसायटीनं खतं-बियाणं आणायला घेतली होती. छोटी, मागं लाकडी हौद्याची. पहिल्या दिवसापासून ती त्रिंबकच चालवायचा. पुढं इंजिन जाम झालं, सोसायटीही थकली, आणि गाडी पडली ती पडलीच. हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, फळ्या वाळवीनं खाल्ल्या.

आता एवढ्या वर्षांनी तिची आठवण झाली ती दुष्काळामुळं. गावची गुरं केजच्या चारा छावणीत होती आणि छावणी शनिवारी उठणार होती. केसरबाईचे दोन बैलही तिथंच. साखर कारखान्यानं सोसायटीच्या नावानं उसाचं वाढं, शेंड्यांचा हिरवा चारा, दिला होता. वाढं मांजरसुंब्याला येऊन पडलं होतं, पण उचलायचं ज्याचं त्यानं. जिल्ह्यातले झाडून सारे ट्रक पाण्याला नाहीतर उसाला लागलेले. शुक्रवारी वाढं उचललं नाही तर ते दुसऱ्या गावाला जाणार, आणि बैल छावणीतून परस्पर बाजारात. दुष्काळातल्या बाजारातून बैल पुढं कुठं जातात, हे घरात कुणी बोलत नव्हतं. केसरबाई देवापुढं बसली तरी तिला त्या दोघांचे डोळे दिसायचे.

त्रिंबकनं इंजिनात रॉकेल ओतून ओतून पिस्टन सोडवले होते. कार्बुरेटर उघडला तर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. गॅस्केट पुठ्ठ्यातून कापली. रेडिएटर मात्र गळायचा थांबेना. घागरभर पाणी वाया गेलं तेव्हा त्रिंबकनं हातातला पाना खाली टाकला.

"वैनी, हळद आना मूठभर," धुळाजी सुतार म्हणाला. हौद्याचं काम त्याच्याकडं होतं.

हळद आत गेली, गळती थांबली. "घ्या! हिला बी हळद लागली," धुळाजी म्हणाला, "आता वरात काढायला हरकत न्हाई."

त्रिंबकला हसूही आलं नाही. हसायला सुद्धा अंगात काही शिल्लक लागतं.

हौद्याला लाकूड कुठून आणायचं, हा घोर होता. शेवटी धुळाजीनंच शोधलं. गावची जुनी विहीर यंदा पार तळाला गेली होती. कधी कुणाच्या नजरेला न पडलेला तळ उघडा पडला, आणि दगडी बांधकामाखालचे लाकडी ओंडके दिसू लागले. दोन निसटून गाळात आडवे झाले होते. ते त्यानं दोर लावून वर काढले. काळेभोर, सुताराच्या वाकसाला दाद न देणारे.

"निजामाच्या काळातलं सागवान हाय," त्यानं सांगून टाकलं, आणि फळ्या पाडून उन्हात मांडल्या.

केसरबाई भाकरीचं फडकं घडी करत तिथं थांबली. तिनं फळीवरून हात फिरवला, खाली वाकून वास घेतला. दत्ताच्या ओट्यावरच्या उंबराला रोज तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे. आणि माहेरी नवी विहीर बांधताना तळाला काय घालतात, हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"धुळाजीभावजी," ती हळूच म्हणाली, "हे सागवान न्हाई. उंबर हाय."

"तुमाला काय वैनी, जिथं तिथं दत्तच दिसतोय!"

"विहिरीच्या बुडाला उंबरच घालतेत. पाण्यात लोखंडावानी ऱ्हातो. उन्हात त्याचा भुगा व्हतो."

"कावून व्हईल भुगा? हाणून बघा की हातोडा."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्रिंबकनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. डोळे लाल झाले होते. "केसर, तुजा नेम घरी ठेव. हितं गाडी बसवायचीय."

तिनं फडक्याची घडी पुरी केली. मनात एक काटा होताच: आपण खरंच लाकूड ओळखून बोललो, की उंबरावर माणसांचे पाय पडणार म्हणून बोललो? तिचं तिलाही ठरवता येईना. भांडी घेऊन ती घरी गेली.

गुरुवारी दुपारी तिला गोदामामागून धडधड ऐकू आली, मग धूर दिसला. इंजिन लागलं होतं! हातातलं पीठ तसंच ठेवून ती धावत गेली. त्रिंबक स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसला होता, जणू सोडलं तर गाडी बंदच पडेल. आणि मागं धुळाजी शेवटचा बोल्ट आवळत होता. कुरकुर झाली. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उलली. त्यानं दुसरीला अंगठा लावला, तर कडेचं लाकूड शिळ्या भाकरीसारखं हातात आलं.

त्रिंबकनं इंजिन बंद केलं.

"वैनी," धुळाजी मान न उचलता म्हणाला, "चुकलं माजं."

"राहू द्या, भावजी."

संध्याकाळी त्रिंबक अंगणात भिंतीला टेकून बसला होता. समोर केसरबाईच्या सासऱ्यांच्या हातची बैलगाडी उभी होती. तळाला अस्सल बाभळीच्या फळ्या, रुंद, बिनचिरेच्या. केसरबाई गाडीकडं बघत राहिली. तो काय ते समजला.

"न्हाई," तो म्हणाला. "गाडी मोडली की शेती मोडली. लोकं म्हनतेल, त्रिंबकनं पानी सोडलं शेतीवर."

"म्हनू द्या."

"पुन्हा बनवनं व्हईल का आपल्याच्यानं?"

"न्हाई व्हनार," ती म्हणाली. "पन बैल बाजारला गेल्यावर ही गाडी कुनी वढायची? मी?"

लग्न झाल्यापासून ती असं कधी बोलली नव्हती. त्रिंबक उठला, पाना घेतला, आणि पहिला बोल्ट त्यानंच सोडवला. धुळाजीला हाक मारली नाही. तो आपणहून आला. फळ्या फारगोवर नेऊन बसवल्या, आणि उरलेलं उंबर दोराला बांधून पुन्हा विहिरीत सोडलं. तसं कर म्हणून धुळाजीला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी फारगो मांजरसुंब्याला गेली. हौद्याच्या वर पुरुषभर वाढं लादून, दर चढाला थांबत, वाफा सोडत परत आली.

शनिवारी बैल चालत घरी आले. बरगड्या वर आलेल्या, वशिंडं कलंडलेली. केसरबाईनं गोठ्यात वाढं टाकून ठेवलं होतं. ते तिकडं गेलेच नाहीत. अंगणात, बैलगाडी मोडून रिकाम्या झालेल्या जागेकडं गेले. एक डावीकडं, एक उजवीकडं, मध्ये जुवाएवढी जागा सोडून, माना खाली घालून उभे राहिले.

"चला रं," त्रिंबक त्यांच्या मानेवर हात ठेवून म्हणाला. "खाऊन घ्या आधी. जुंपायचं न्हाई."

ते हलेनात.

केसरबाईनं पदर खोचला आणि वाढ्याची पेंढी ओढत तिथंच आणली.